जर्मनीला निघालेल्या मुलींनो, सायकल शिकून या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जर्मनीत परिचारिकांना मागणी आहे, जर्मन शिका, बी-१, बी-२ या भाषेच्या पातळ्या पूर्ण करा, अशा बातम्या आणि जाहिराती मराठी वृत्तपत्रांत सारख्या येत असतात. त्या वाचूनच मीही निघाले. तीन वर्षं झाली, म्युन्स्टर शहरातल्या एका रुग्णालयात काम करते. निघताना मला कुणी सांगितली नव्हती अशी एक गोष्ट नव्याने येणाऱ्या मुलींच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या कानावर घालायची आहे. सायकल चालवता येत नसेल तर शिका, येत असेल तर पुन्हा सराव करा.

माझी सायकल दहावीनंतर सुटली ती सुटलीच. पुढे स्कूटी आली. इथे सकाळची पाळी सहाला सुरू होते आणि रविवारी माझ्या घराजवळून इतक्या लवकर बस नाही. दुसऱ्याच आठवड्यात १२० युरोंना जुनी सायकल घेतली. या शहरात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. जुन्या तटबंदीच्या जागी गावाभोवती साडेचार किलोमीटरचा, लिंडनच्या झाडांखालून जाणारा रस्ता आहे. त्याला प्रोमेनाड म्हणतात. त्यावर मोटारी नाहीत, म्हणून सुरुवातीला मी लांबचा वळसा घेऊनही तिथूनच जायची.

पहिला महिना भीतीतच गेला. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, इथे उजवीकडून. रस्ता ओलांडताना मान चुकीच्या बाजूला वळते. जिथे सिग्नल नाही, पाटीही नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि हा नियम सायकललाही लागू. वळण्याआधी हात बाहेर काढायचा. अंधारात दिवा नसला तर २० युरो दंड, लाल सिग्नल तोडला तर निदान ६०.

हे सगळं मी जर्मनमधूनच शिकले. रस्त्याचं काम निघालं की पाटी लागते, ‘राटफारर आप्श्टायगन’, म्हणजे सायकलवाल्यांनी उतरावे. वर्गात अशी तुटणारी क्रियापदं, ज्यांचा पहिला तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो, मी घोकघोक घोकली होती आणि बोलायची वेळ आली की जीभ अडायची. त्या पाटीपुढे रोज उतरताना मनात म्हणायचे, ‘इश श्टायगऽ आप’, मी उतरते. महिनाभराने ते विचार न करता तोंडात येऊ लागलं.

नोव्हेंबरातली एक संध्याकाळ मी विसरणार नाही. पावसात मागचं चाक बसलं. सत्तरीच्या एक आजी त्यांच्या सायकलवरून उतरल्या. मी पुस्तकातला ‘रायफनपाने’ हा शब्द कसाबसा जुळवला. त्या म्हणाल्या, “आख, प्लाटन!” पंक्चरला इथे सगळे हेच म्हणतात, आणि वर्गात तो शब्द माझ्या कानावर कधी पडला नव्हता. त्यांनी सायकल उलटी केली, टायर काढला आणि आतून अंगठा हळूहळू फिरवत नेला. एका जागी थांबल्या. काचेची बारीक किरच काढून दिव्याखाली माझ्या तळहातावर ठेवली. “दा इस्ट एर!” म्हणजे, हा बघ, सापडला! ‘एर’ म्हणजे ‘तो’: आपली किरच स्त्रीलिंगी, त्यांची पुल्लिंगी. ते लिंग मी आता जन्मभर चुकणार नाही. मग स्वतःच्या स्कार्फने ट्यूब कोरडी करून त्यांनी पंक्चर काढलं.

मराठी मुलींनी या भाषेला घाबरू नये, हे तर मी आवर्जून सांगेन. तीन लिंगं आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळाली आहेत. आपला पस्तीस त्यांच्यासारखाच, आधी पाच मग तीस: ‘फ्युन्फ-उन्ट-ड्रायसिश’. रक्तदाब १३५ सांगितला की माझ्या काही परदेशी सहकारी १५३ लिहून बसतात. माझा हात आपोआप बरोबर चालतो. ‘कारण’ने सुरू होणाऱ्या वाक्यात त्यांचं क्रियापद शेवटी जातं, आपल्यासारखंच.

मी बी-१ घेऊन आले होते. परिचारिका म्हणून मान्यता मिळायला बी-२ लागतं, तोवर मदतनीसाचं काम. त्या चौदा महिन्यांत जे बोलणं झालं ते बहुतेक सायकलच्या निमित्ताने: दुकानदाराशी, सिग्नलला शेजारी थांबलेल्यांशी, रुग्णांशी. म्युन्स्टरचे जुने लोक सायकलला ‘लेत्से’ म्हणतात. तिथल्या फेरीवाल्या व्यापाऱ्यांच्या जुन्या गुप्त बोलीतला, मासेमात्तेतला, हा शब्द. वॉर्डात एक आजोबा दोन दिवस कुणाशी बोलत नव्हते. मी भिजलेली आत आले आणि म्हणाले, लेत्सेवरून आले. ते उठून बसले आणि अर्धा तास त्यांच्या पहिल्या सायकलबद्दल सांगत राहिले.

जर्मनचे वर्ग चालवणाऱ्यांना आणि नर्सिंग महाविद्यालयांना माझी विनंती आहे. शेवटच्या दोन महिन्यांत मुलींना सायकलवर बसवा, इथल्या रहदारीच्या पाट्या फळ्यावर लावा, पंक्चर काढायला शिकवा.

पुढच्या महिन्यात आमच्या वॉर्डात एक मराठी मुलगी रुजू होते आहे. तिने फोनवर विचारलं, “ताई, थंडीसाठी काय काय आणू?” मी म्हटलं, कोट इथे मिळेल, तू आजच शेजाऱ्यांची सायकल मागून घे.

— एक परिचारिका, म्युन्स्टर (जर्मनी)