जड मोटरसायकलसाठी वेगळी चाचणी हवी

महोदय,

जुन्या बुलेटला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने रविवारी सकाळी कासकडे निघालात, तर बिडाच्या इंजिनाच्या चार-सहा बुलेट हमखास भेटतात. चालवणारी मुले बहुतेक विशी-पंचविशीतली. मला याचा मनापासून आनंद वाटतो. मी स्वतः कॉलेजपासून अडीचशे सीसीची येझदी चालवली आणि पन्नाशीला आल्यावर 1980च्या दशकातली बुलेट 350 घेतली. काळजी वाटते तीही म्हणूनच.

अडीचशे सीसीच्या गाडीवर हात बसला की साडेतीनशेची म्हणजे जरा जड गाडी, एवढेच, असा सर्वांचा समज असतो. कागदावर फरक फार दिसतही नाही. येझदी रोडकिंगची ताकद 16 अश्वशक्ती, तर बुलेटची 18. खरा फरक पायांत आहे. येझदीचा गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. जुन्या बुलेटचे नेमके उलटे. त्यातही पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. समोर अचानक म्हैस आली की वर्षानुवर्षांच्या सवयीने उजवा पाय खाली दाबला जातो. तिथे ब्रेक नसतोच. गाडी वरच्या गिअरमध्ये पडते आणि इंजिनाने जेवढी धरून ठेवली होती तेवढीही मोकळी होते. आजच्या सगळ्या गाड्यांना गिअर डाव्या पायालाच असतो, त्यामुळे नव्या मुलांनाही हाच धोका आहे. बरे, जुन्या बुलेटला पुढेमागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक. 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. त्यावर शिकलेल्या मुलाला ओल्या रस्त्यावर चाक लॉक होणे म्हणजे काय, हे ठाऊकच नसते.

किकचेही तसेच. येझदीची किक डाव्या बाजूला, गिअरचाच दांडा वर फिरवून मारायची. कशीही मारली तरी गाडी बोलते. बुलेटला ती घाई चालत नाही. चावी फिरवायची, हळूहळू किक दाबत अँमीटरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरच्या, काट्याकडे बघायचे. काटा मध्यावर आला की डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा, खटका ओढून किक किंचित पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक पूर्ण वर येऊ द्यायची आणि मग अंगाचे वजन टाकून एकच, शेवटपर्यंत. अर्धवट मारली तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो. मला हे एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवले. गाडी ताब्यात देण्याआधी त्यांनी सैनिक स्कूलच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर मला कितीतरी वेळ गाडी नुसती थांबवायला लावली: तिसऱ्या गिअरमध्ये आण, डावा पाय, पुढचा ब्रेक, दोन्ही एकदम, पुन्हा. असे मिस्त्री आता किती उरलेत? गाडी आज मोबाइलवर फोटो पाहून ठरते, टेम्पोतून घरी येते आणि दुसऱ्याच दिवशी घाटात जाते.

माझे म्हणणे आरटीओच्या परवान्याबद्दल आहे. आपल्याकडे अठराव्या वर्षी गिअरच्या मोटरसायकलचा परवाना मिळाला की शंभर सीसीपासून हजार सीसीपर्यंत काहीही चालवा, पुन्हा कोणी विचारत नाही. चाचणी मात्र बहुतेकांनी हलक्या गाडीवर दिलेली असते. ब्रिटनमध्ये आणि युरोपात हा परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो. 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंत पहिला टप्पा, मग 35 किलोवॅटपर्यंत, त्यानंतर मर्यादा नाही. आपण त्यांचेच सगळे उचलावे असे नाही. इथे दोनशे-अडीचशे सीसीच्या वर जाताना एक छोटी चाचणी पुरेल. तीही चालकाने स्वतः घेतलेल्या गाडीवर व्हावी: पूर्ण वजनाची गाडी स्टँडवरून उतरवणे, चढावर थांबून पुन्हा निघणे आणि ताशी 40 किलोमीटरच्या वेगातून ठरावीक अंतरात सरळ रेषेत थांबणे. गिअर उजवीकडे असलेल्या गाडीसाठी शेवटची परीक्षा दोनदा घ्यावी आणि दुसऱ्या वेळी थांबण्याचा इशारा न सांगता, अचानक द्यावा.

— एक वाचक, सातारा