रात्रीचं जेवण सकाळी ठरव

चि. सलील यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू बाबांना सांगत होतास की बाहेरून मागवलेल्या जेवणाचं बिल हल्ली किराण्याच्या वर जातं. ते ऐकून हे लिहिते आहे. प्राचीला नाही, मुद्दाम तुला. दोघंही हिंजवडीहून सारखेच दमून येता, मग 'आज काय करायचं' ही काळजी तिची एकटीचीच का?

तुमच्या घरात सामान कमी नाही. तूरडाळ आहे, मटकी आहे, बेसन आहे, ज्वारीचं पीठ तर दळून तसंच पडलंय. पण रात्री आठ वाजता पोटात कावळे ओरडत असताना विचार करायला बसलं की हात मोबाइलकडेच जाणार. म्हणून सकाळी चहा घेतानाच ठरवायचं आणि काही भिजत घालायचं असेल तर घालून निघायचं. बास.

मटकीचंच बघ. सोमवारी सकाळी वाटीभर भिजत घाल, रात्री निथळून ओल्या फडक्यात बांध. मंगळवारी संध्याकाळी मोड आलेले असतात (थंडीत जरा जास्त वेळ लागतो) आणि वाटीच्या दोन-अडीच वाट्या होतात. कुकरला लावू नकोस, लगदा होतो. कांद्यावर परतून, झाकणावर पाणी ठेवून शिजव. गोडा मसाला, आमसूल, गुळाचा खडा. उरलेल्या उसळीला बुधवारी तिखट रस्सा कर, वर फरसाण, सोबत पाव. मिसळीला ईरा नाही म्हणणार नाही.

प्रोटीनसाठी तिला रोज पनीर लागतं असं तुझं म्हणणं. सुक्या कडधान्यात 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 24 ग्रॅम प्रोटीन असतं. शिजताना पाणी शोषलं जातं, त्यामुळे ताटात आलेल्या उसळीत तेवढं नसतं, हे खरं. पण सोबत भात किंवा भाकरी असली की डाळीत जे कमी पडतं ते धान्यातून भरून निघतं. पनीर आठवड्यातून एकदा खुशाल आणा.

वरण-भात-बटाटे एकाच कुकरमध्ये, तीन डब्यांत. डाळ अर्धा तास तरी भिजलेली असू दे, आणि पहिली शिटी झाली की आच बारीक. आतलं तापमान तेव्हा 120 अंशांच्या आसपास गेलेलं असतं. मोठ्या आचेनं ते वाढत नाही, नुसत्या शिट्ट्या वाढतात आणि सिलिंडर लवकर संपतो. तू इंजिनिअर, तुला हे मी सांगावं! तूरडाळ फार महाग झाली की मी निम्मी मसूर घालते. बाबांना अजून कळलेलं नाही, कळवूही नकोस.

वरण जरा जास्तच लाव. दुसऱ्या दिवशी त्यात पाणी घालून चिंच, गूळ, गोडा मसाला टाकून आमटी उकळायची, कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि एकेक करून सोडायचे. सगळे एकदम टाकलेस तर गोळा होईल. वरून तूप. पोळ्या नाहीत, भाजी नाही, एका पातेल्यात तिघांचं जेवण. शंकरपाळे कापायचं काम ईराला दे, स्वतः कापलेलं ती खाईल.

मी अजूनही मंडईत संध्याकाळीच जाते. पालेभाजी टिकत नाही, त्यामुळे आवराआवरीच्या वेळी भाव उतरतो. ती जुडी मात्र त्याच रात्री निवडायची आणि न धुता कागदात गुंडाळून ठेवायची. ओली ठेवली की सडते आणि मग स्वस्त कसली! वाकडला शेतकरी आठवडे बाजार भरत असेल तर तिथे जात जा. अ‍ॅपवरची निवडलेली मेथी मला पटत नाही, जुडीच्या पैशात निम्मीसुद्धा येत नाही. तांदूळ रोजच्यासाठी इंद्रायणी घ्या. आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातलं वाण, आसट खिचडीला बासमती त्यापुढे कोरडी वाटते.

ज्या दिवशी सकाळी काहीच ठरलं नाही, त्या दिवशी पिठलं. वाटीभर बेसन आधी गार पाण्यात कालव म्हणजे गुठळ्या होत नाहीत. फोडणीत लसूण आणि हिरवी मिरची सढळ हातानं. मागवलेलं जेवण दारात यायच्या आत होतं. भाकरी थापता येत नाही म्हणून अडू नकोस, भातावर घे. भाकरी शिकवते मी, पण त्यासाठी तुला इकडे यावं लागेल, फोनवर जमायचं नाही.

आणि महिन्यातून दोनदा बाहेर जेवायला जा की! हॉटेलात जाऊन, गरम गरम.

रविवारी बाबांबरोबर किलोभर थालीपिठाची भाजणी पाठवते. फ्रीजमध्ये ठेव. मागच्या वेळचे दोन स्टीलचे डबे तुझ्याकडेच आहेत, ते त्यांच्याजवळ दे.

तुझी,
आई