दाजींना दिलेले पैसे आणि तीन वर्षांची मुदत

प्रिय अव्या,

"नोटीस पाठवलीय, आता घाई कशाला?" हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. नोटिशीने कोर्टात दावा दाखल करायची मुदत थांबत नाही रे. तू कितीही फोन कर, दाजी कितीदाही "देतो, देतो" म्हणोत, दिवस मोजले जातातच.

पैसे देताना तू "लागतील तेव्हा मागेन" म्हणाला होतास. म्हणून मागितल्या दिवसापासून तीन वर्षं, असं तू धरून चाललायस. 1963 चा मुदत कायदा तसं म्हणत नाही. मागू तेव्हा परत करायच्या हातउसन्या पैशांचीही तीन वर्षं पैसे दिल्या दिवसापासूनच सुरू होतात. तुझी मुदत येत्या ऑक्टोबरात संपते! एवढं न कळल्याने सरळ माणसांचे खरे पैसे बुडालेले मी पाहिलेत. फार जिवाला लागतं.

मुदत उलटली की समोरच्याने तो मुद्दा काढला नाही, तरी कलम 3 प्रमाणे न्यायाधीशांना दावा फेटाळावाच लागतो. उशीर माफ करण्याची सोय कलम 5 मध्ये आहे, पण ती अपिलांना आणि बहुतेक अर्जांना. मूळ दाव्याला नाही.

दाजींशी भांडण नको असेल तर ऑक्टोबरच्या आत त्यांच्याकडून लिहून घे: इतकी रक्कम देणं आहे, खाली सही आणि तारीख. कलम 18 प्रमाणे त्या सहीपासून नवी तीन वर्षं मिळतात. थोडे पैसे परत केले तरी चालतं, फक्त त्याची नोंद त्यांच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी हवी. तोंडी कबुली इथे कामाची नाही. आणि मुदत संपल्यावर नुसती लेखी कबुलीही पुरत नाही, "फेडीन" असं स्पष्ट लेखी वचन लागतं. तेव्हा ते कशाला देतील?

ताईला काय वाटेल ही तुझी काळजी मला समजते. पण अव्या, आज घेतलेली सही उद्याच्या कोर्टापेक्षा तिलाही कमीच जाचेल. सही नाहीच मिळाली तर सप्टेंबरात दावा दाखल करू; शेवटच्या आठवड्यावर ढकलायचं नाही.

कबुलीचा मसुदा मी करून पाठवतो. तुझ्या खात्यातून पैसे कोणत्या तारखेला गेले, ते आठवणीवर न जाता बँकेच्या उताऱ्यात बघून कळव.

तुझा,
सुहास