मार्वित्झची फॅक्टरी १९३४ ला सुरू झाली नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जर्मन सिरॅमिक्सवरचा लेख मी दोनदा वाचला, निळ्या-पांढऱ्या कपांचे फोटो तर फारच सुरेख होते. पण एका फोटोखाली "मार्वित्झ गावातली हेडविग बोलहागेन यांची फॅक्टरी, सुरुवात १९३४" एवढंच छापलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी गेली बारा वर्षं घरच्या घरी कुंभारकाम करते, चाक आहे, छोटी भट्टी आहे, आणि या गावातल्या आधीच्या फॅक्टरीबद्दल मला फार जिव्हाळा आहे.

मार्वित्झ हे बर्लिनच्या वायव्येला असलेलं लहानसं गाव. शेजारच्या वेल्टेनमध्ये खोली गरम ठेवायच्या शेगड्यांच्या टाइल्स बनायच्या, बर्लिनच्या कितीतरी घरात त्या लागल्या होत्या, म्हणजे माती आणि भट्टीची जाण असलेली माणसं या भागात होतीच. मार्वित्झमध्ये १९२३ साली मार्गारेटे हायमान, त्यांचे पती गुस्टाव लोबेनश्टाइन आणि दीर डॅनियल यांनी 'हाएल' नावाने सिरॅमिक्सचा कारखाना काढला. हायमानमधला एच आणि लोबेनश्टाइनमधला एल, जर्मन लोक ही अक्षरं 'हा' आणि 'एल' अशी म्हणतात, म्हणून हाएल.

मार्गारेटेबाई १८९९ च्या, जन्म कोलोनचा, ज्यू घरातला. १९२० मध्ये त्या बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेत शिकायला गेल्या, तिथे मुलींना बहुतेक विणकामाकडेच वळवायचे पण यांना मातीच हवी होती, त्यावरून बरंच वाजलं आणि वर्षभरात त्या तिथून बाहेर पडल्या. मला वाटतं ते बरंच झालं. कारण हाएलमध्ये त्यांनी जे केलं ते बघाच तुम्ही कधी, किटलीला आणि कपाला नेहमीसारखा कान नाहीच, त्या जागी सपाट गोल चकत्या, भडक पिवळी नाहीतर निळी झिलई, काही भांड्यांवर ब्रशचे असे मोकळे फटकारे की चित्रच वाटावं. अशी चकती ओल्या मातीत जोडायची म्हणजे काय काम असतं ते मी करून पाहिलंय, सुकताना जोड उकलतो, भट्टीत वाकडी होते, माझ्या पाचातल्या चार वाया गेल्या. आणि तिकडे हे सगळं रोजच्या वापरासाठी कारखान्यात निघत होतं, लंडन-न्यूयॉर्कपर्यंत माल जात होता आणि भर काळात शंभराच्या वर माणसं कामाला होती!

ऑगस्ट १९२८ मध्ये पती आणि दीर दोघेही लाइपझिगच्या व्यापार मेळ्याला जाताना कार अपघातात गेले. मार्गारेटेबाई तेव्हा एकोणतिशीच्या, पदरात दोन लहान मुलं, तरी कारखाना त्यांनी एकटीने चालवला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, निर्यात घटली, तरीही चालवला.

मग १९३३ आलं. नाझी सत्तेवर आले आणि त्याच उन्हाळ्यात हाएलचं काम थांबलं. १९३४ मध्ये नाझी पक्षाचे पदाधिकारी हाइनरिश शिल्ड यांनी ४५,००० राइशमार्कला (तेव्हाचं जर्मन चलन) सगळं घेतलं, खरी किंमत याच्या कितीतरी वर होती, पण ज्यू मालकाला घासाघीस करायला जागाच कुठे होती. त्यानंतर तिथे बोलहागेन आल्या. त्या उत्तम कलाकार होत्या यात वादच नाही, त्यांचं काम मलाही आवडतं, पण हाएलचे काही आकार नव्या नावाखाली पुढे बनत राहिले हेही तितकंच खरं आहे. १९३५ मध्ये गोबेल्सच्या 'डेर आंग्रिफ' या पेपरने दोघींची भांडी शेजारी-शेजारी छापली, बोलहागेनची चांगली म्हणून आणि मार्गारेटेबाईंची 'भयाच्या कोठडीतली' म्हणून.

१९३६ मध्ये मार्गारेटेबाई इंग्लंडला गेल्या, स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारांच्याच गावात. तिथे शिकवलं, मिंटन या भांड्यांच्या कंपनीत थोडा काळ काम केलं, दुसरं लग्न झालं, 'ग्रेटा पॉटरी' नावाने पुन्हा सुरुवात केली पण लगेच युद्ध आलं. १९९० मध्ये लंडनला त्या वारल्या, तेव्हा त्यांचं नाव ग्रेटे मार्क्स होतं. त्यांची हाएलची भांडी आज मोठमोठ्या म्युझियममध्ये आहेत.

लेखकाबद्दल माझी तक्रार नाही, इतक्या कमी जागेत सगळं मावत नाही हे कळतं. पण "सुरुवात १९३४" असं छापलं की वाचणाऱ्याला वाटतं तिथे आधी मोकळी जमीनच होती. पुढच्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापा एवढीच विनंती, की याच जागी १९२३ ते १९३३ हाएल ही फॅक्टरी होती, ती मार्गारेटे हायमान-लोबेनश्टाइन यांची होती आणि ती त्यांना कवडीमोलाने विकावी लागली. जमलं तर त्या चकत्यांच्या किटलीचा फोटोही टाका.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे