चि. प्राजूस, तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पुस्तकांसाठी दिलेले चार हजार रुपये आईला आज ज्वारीच्या डब्यात सापडले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रबर लावलेले. पीठ संपलं म्हणून तिनं निवडायला ज्वारी काढली आणि पिशवी हाताला लागली. दिवाळीपर्यंत पत्ता लागणार नाही असं तुला वाटलं असेल. आपल्या घरात ज्वारीच्या डब्यात काही लपत नाही, हे आज्जीच्या वेळेपासून तुला ठाऊक असायला पाहिजे होतं.

फोनच केला असता. पण फोनवर तू "हो पप्पा, हो पप्पा" करतेस आणि माझं निम्मं बोलायचं राहून जातं. शिवाय आई शेजारी उभी राहून हातवारे करते. म्हणून लिहायला बसलो. शेजारचा रोहन रविवारी पुण्याला निघालाय, त्याच्याकडं पिशवी देतो. वर शेंगांची चटणी, खाली मेतकूट आणि डाळ्याचे लाडू, आणि बरण्यांच्या मधे हे पत्र. रागावून लिहिलेलं नाही, आधीच सांगतो.

पैसे का ठेवलेस ते कळतं मला. साखर कारखान्याचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष उलटं चालतं. गळीत सुरू होतं दिवाळीच्या आगंमागं आणि मार्चला उरकतं. तुमचं सेमिस्टर उघडतं नेमकं पावसाळ्यात, बॉयलर गार पडलेला असताना. हंगामी माणसाच्या हातात तेव्हा फक्त रिटेन्शनचे पैसे, म्हणजे पगारातला थोडासा हिस्सा, आणि तोही यंदा वेळेवर नाही. सोसायटीचा हप्ता आणि आपल्या सोन्याच्या दहावीच्या क्लासची फी मी आणि आई स्वयंपाकघरात बोलत होतो, ते तू बाहेरच्या खोलीतून ऐकलंस. ऐकलंस ना? तुझा हिशोब बरोबर असेल. पण तो हिशोब करायला मी आहे घरात.

फी माफ झाली तेव्हा आपण सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. जुलै २०२४ चा तो जीआर, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचा. आईनं पेपरातलं कात्रण देव्हाऱ्यामागं ठेवलंय अजून. तात्या तर गावभर सांगत सुटला होता की प्राजूचं इंजिनिअरिंग फुकटात झालं. जीआरमध्ये ट्यूशन फी आहे, परीक्षा फी आहे. खोलीभाडं, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान आणि डबा त्यात कुठं आहे? तात्याला मी हे दोनदा समजावलं, त्याच्या डोक्यात शिरत नाही.

जेवणाचं मी विचारणार नव्हतो. आईला तसा शब्द दिलाय. आधी पुस्तकांचं लिहितो.

सेमिस्टर सुरू झाल्या झाल्या यादी घेऊन दुकानात पळायचं नाही. पंधरा दिवस वर्गात बस, सर कोणत्या पुस्तकातून शिकवतात आणि गणितं कुठली घालतात ते बघ. यादीत सात-आठ नावं असतात, परीक्षेच्या कामाला दोन येतात. लायब्ररीत मात्र पहिल्याच दिवशी जा, कारण एकेका पुस्तकाच्या चार प्रती आणि वर्गात साठ पोरं. बुक बँक आहे का विचार, काही कॉलेजांत डिपॉझिट भरलं की पुस्तकं सेमिस्टरभर ठेवून घेता येतात. खोलीतल्या तिघींनी तीन वेगळी पुस्तकं घ्या, एकच पुस्तक तिघींनी नको. मग अप्पा बळवंत चौक. सेकंड हँड घ्यायचं, पण आतली पानं चाळून, आणि सिलॅबसचा पॅटर्न बघून. पॅटर्न बदलला की एखादं युनिट निघून जातं, नवीन येतं, आणि जुनं पुस्तक स्वस्त मिळालं म्हणून आणलेलं तसंच पडून राहतं. शेवटचा पेपर झाला की त्याच चौकात विकून टाक, पेनानं काही लिहू नकोस. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत, ते तूच मला दाखवलं होतंस.

पीडीएफचं मला पटत नाही. त्या फुटक्या काचेच्या मोबाइलवर सॉलिड मेकॅनिक्सची आकृती बोटानं मोठी करायची, की मजकूर बाजूला पळतो. चालत असेल तुमच्या पिढीला. पण स्टीम टेबल, वाफेच्या आकड्यांचं ते पुस्तक, स्वतःचं घे, नवीन घे. पेपरात ते जवळ ठेवू देतात, आणि परीक्षेच्या दिवशी ज्याचं त्याला लागतं, उसनं कोण देणार?

स्टीम टेबलवरून आठवलं. सुट्टीत तू सीनिअरचं ते पाठीला चिकटपट्टी लावलेलं टेबल घेऊन ओट्यावर बसली होतीस. मला विचारलंस, पप्पा, तुमचा जुना बॉयलर किती केजी दाबाचा? म्हटलं, एकवीस. तू बोट फिरवत वीस बारच्या ओळीवर थांबलीस आणि म्हणालीस, इथं पाणी २१२ अंशांना उकळतं, तुमचं त्याच्या जरा वर. मी मुद्दाम चकवायला म्हटलं, मग आमच्या काट्यावर ३४० कसं दिसतं? तू डोकं वर न करता पान उलटलंस, म्हणालीस, ती सुपरहीटेड, उकळल्यावर आणखी तापवलेली वाफ, तिचं टेबल वेगळं. प्राजू, मी तेव्हा काही बोललो नाही, उठून गोठ्यात गेलो. पण दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या कामावर अख्ख्या बॉयलर हाऊसला ते सांगितलं. आमचे हेडफिटर म्हणाले, पोरीला कारखान्यात आणू नका हं, इथं अडकेल. मी म्हटलं, ती येईल तेव्हा तुम्हाला वर बघून बोलावं लागेल.

सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटची परीक्षा दिली तेव्हा मला पुस्तक घेणं झेपत नव्हतं. एका सीनिअरकडं होतं, तो ते पाळीपुरतं द्यायचा, पाळी सुटली की परत. मी तिसऱ्या पाळीला जुन्या लॉगशीटच्या कोऱ्या बाजूवर ते उतरवून काढलं, ड्रम, इकॉनॉमायझर, सेफ्टी व्हॉल्व्ह, सगळं देवनागरीत. आकृत्या कोळशानं काढल्यात की काय असं आई म्हणायची, इतकी काजळी बसलेली. ते गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. तोंडी परीक्षेला साहेबांनी विचारलं, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेत, गेज ग्लासमध्ये, पाणी दिसेनासं झालं तर काय करशील? शेजारच्या पोरानं घाईनं सांगितलं, पंप लावून पाणी सोडीन. त्याला बाहेर काढला. मी म्हटलं, आधी जाळ बंद करीन, तापलेल्या नळ्यांवर गार पाणी सोडणार नाही. पास झालो.

पण त्या सगळ्या पाळ्यांना तुझी आज्जी तीन भाकरी आणि पिठल्याचा डबा बांधून द्यायची. पुस्तक नसल्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण पोट भरलेलं असायचं. काचेत पाणी नसताना खाली जाळ घालत राहिलं की आमच्याकडं काय होतं ते तू शिकशीलच, आणि माझी पोरगी नेमकं तेच करतेय असं मला वाटतंय.

बघ, आलोच तिथं.

आता सांगूनच टाकतो. मागच्या सेमिस्टरचं तुझं जुनं दप्तर आईनं धुवायला घेतलं, पुढच्या कप्प्यात मेसचं कार्ड होतं. फेब्रुवारीपासून सकाळचे सगळे रकाने कोरे. संध्याकाळचे तेवढे टिक केलेले. आई ते कार्ड घेऊन माझ्यापुढं बसली, काही बोलली नाही. मला आठवलं, मार्चमध्ये तू फोनवर म्हणाली होतीस, एम-टूचं, गणिताचं पुस्तक घेतलं पप्पा, नवीनच घेतलं. मी खूश होऊन विचारलंसुद्धा नाही की कुठल्या पैशातून. आणि आता हे चार हजार ठेवून गेलीस, म्हणजे याही सेमिस्टरला सकाळचे रकाने कोरेच ठेवायचा विचार आहे का? सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला वर्कशॉपमध्ये उभी राहणार, लेथवर काम करणार, चहा-बिस्किटावर? तुला चक्कर आली तर मशिन थांबत नसतं. मी बघितलंय लोकांचं काय होतं. ते लिहीत नाही.

तात्या साताऱ्याला शिवाजी कॉलेजात "कमवा आणि शिका"मध्ये शिकला, हे तू शंभरदा ऐकलंयस. पहाटे शेतात काम, मग वर्ग. तो कर्मवीर भाऊराव अण्णांचं सांगतो तेव्हा शाळांचं कमी आणि साताऱ्याच्या बोर्डिंगचंच जास्त सांगतो. लांबलांबच्या गावांतली पोरं राहायला-जेवायला मिळालं म्हणून शिकली. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, ते पोरांच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून. तुझ्या कॉलेजातही कमवा आणि शिका असेल तर अर्ज कर, माझी ना नाही, लायब्ररीत काम मिळालं तर पुस्तकंही हाताशी राहतील. पण त्या पैशांतून पहिल्यांदा मेसवाल्या मावशींचे भर. पुस्तकांचं नंतर बघू.

मी भाषण देतोय. तुला आवडत नाही, माहीत आहे. तू शहाणी आहेस, आमच्यापेक्षा जास्त शिकलीस, तुझं तुला कळतं. मराठी माध्यमातून जाऊन पहिल्या वर्षाला इंग्रजी लेक्चरं पेललीस, पहिले दोन महिने रोज रात्री डिक्शनरी घेऊन बसायचीस, हे तुझ्या रूममेटनं आईला सांगितलं, तू कधी सांगितलं नाहीस. एम-टू राहिला त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. एटीकेटी ही काय बदनामी आहे? इथं पंचक्रोशीत इंजिनिअर झालेल्यांना विचार, निम्म्यांना ती लागलेली आहे, फक्त लग्नाच्या बायोडाटात कुणी लिहीत नाही. तो विषय आता नवीन विषयांबरोबर ओढायचा आहे, म्हणून रोज थोडा थोडा कर, सबमिशनच्या आठवड्यात काहीच होत नाही. पुढच्या बाकावर बस. नाही कळलं तर हात वर कर, इंग्रजी चुकलं तरी चुकू दे. सरांनाही कुणीतरी विचारलेलं बरं वाटतं.

सकाळी किमान पोहे तरी खातेस का? मावशी सकाळचा डबा नऊपर्यंत देत नसतील तर रात्रीच्या दोन चपात्या ठेवून घ्यायच्या, चटणी पाठवलीच आहे. आई म्हणते तुझं मनगट बारीक झालंय, बांगडी कोपरापर्यंत जाते. मला तसं काही दिसलं नाही म्हणून मी तिला सांगितलं. दिसलं होतं.

पैशांचं असं ठरवलंय. ते चार हजार आणि वर आठशे, तुझ्या खात्यावर सोमवारी टाकतो. आठशे कुठून आले विचारू नकोस, म्हशीचं दूध डेअरीला जातं ना, त्याचे आहेत, कर्ज काढलेलं नाही. यातून मावशींना दोन वेळचा महिना आधी भर आणि नव्या कार्डाचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठव. दर शनिवारी पाठव. तुला हे पोरखेळ वाटेल, अविश्वास वाटेल. वाटू दे. एक सेमिस्टर मला हे करू दे, मग विचारणार नाही. उरलेल्यातून स्टीम टेबल, आणि थर्मोचं एक चांगलं पुस्तक, सेकंड हँड. मेटलर्जीचं लायब्ररीतून. बाकीचं गळीत सुरू झाल्यावर घेऊ, तोवर सीनिअरांच्या नोट्स आहेत.

उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज सेतूत दिलाय. तलाठी भाऊसाहेबांचा अहवाल झाला, आता तहसीलमधून यायचा आहे. आला की स्कॅन करून पाठवतो, शिष्यवृत्तीचा फॉर्म या वर्षी पुन्हा नूतनीकरणाला टाकावा लागेल, शेवटची तारीख कॉलेजच्या ऑफिसात विचारून ठेव. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याचाही भर, आपण अल्पभूधारकात येतो, सातबारा आणि तो दाखला दोन्ही माझ्याकडं आहेत. आधार बँकेला जोडलेलं आहे का तेवढं एकदा तपास, नाहीतर सगळं होऊन पैसे अडकतात. सोन्याला तुझी गेल्या वर्षीची ड्राफ्टर पाहिजे म्हणतोय, कशाला ते त्यालाच माहीत, दिवाळीला आण. पावसानं ओढ दिली होती, परवा चांगला झाला, खोडव्याला बरं आहे.

तुझे
पप्पा

ता. क. आई सांगतेय, काचेच्या दोन बरण्या आधीच्या तुझ्याकडंच आहेत, या धरून चार होतील. रोहन परत येताना रिकाम्या त्याच्याकडं दे. झाकणं सोडून नुसत्या बरण्या पाठवू नकोस.