रसवंतीच्या आजींना, आमच्या मेथीच्या वाफ्यावरून

धायरी, पुणे

ती. आजींना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्हाला अक्षरं लागत नाहीत, त्यामुळे हे नातीकडून वाचून घ्यालच. घरी येऊन दोन शब्द बोललो असतो, पण तुम्ही मला शिकवलंत ते फाट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, आणि माझं हसंही तिथंच झालं. मग आभारही चारचौघांत.

मार्चमधली ती दुपार आठवते ना? तुमच्या बाकड्यावर बसून मी चार कोंबड्या कुणाच्या गळ्यात मारता येतील याची फोनाफोनी करत होतो. लेकीच्या हट्टापायी त्या आणलेल्या. मागच्या अंगणात आईची मेथी, कोथिंबीर आणि गौरींसाठी लावलेली शेवंती. कोंबड्या मोकळ्या सोडल्या की तासाभरात वाफ्याचं वाटोळं. शेवंतीची रोपं तर मुळं वर करून पडलेली. आईनं निर्वाणीचं सांगितलं होतं, या घरात त्या राहतील नाहीतर मी.

तोवर मी काय काय केलं होतं, ते ऐकून तुम्ही चरक थांबवून हसलात. जुन्या सीड्या दोरीला टांगल्या. दोन दिवसांत ढवळी त्यांच्याखाली सावलीला बसू लागली. मग वाफ्यावर मिरचीपूड. आईची वर्षाची बेगमी होती ती, बोलणी खाल्ली ती वेगळीच. नंतर कळलं की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही, रानमिरचीचं बी तर पक्षीच खाऊन लांबवर नेतात. म्हणजे मी त्यांना जेवणावर भुरभुरून दिलं एवढंच. शेवटी हिरवी शेडनेट टाकली, तिच्यात तांबडीचा पाय अडकला. तो सोडवताना मला तीन चोची आणि आईचा एक कटाक्ष.

तुम्ही म्हणालात, “आरं, ती मेथी खाया येती व्हय? तिला उकराया पायजे. तू रोज माती भुसभुशीत करून ठेवतोस आन वर म्हंतोस येऊ नको.”

आजी, पानं खातात म्हणून मी पानांची राखण करत होतो. पानं खातातच त्या, कोवळी मेथी तर आवडीनं, पण खरा विध्वंस नखांचा होता. नुकती खणलेली, ओलसर, गांडुळं-किडे असलेली माती दिसली की पाय आपोआप चालतात. म्हणून माती झाका, असं तुमचं म्हणणं. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी विटांचे तुकडे आणि दगड गच्च लावले. पेरलेल्या वाफ्यावर काटेरी बोरीच्या फांद्या, बी उगवून वर येईस्तोवर. आणि शेवंतीसाठी जाळी, उभी नाही तर आडवी, जमिनीलगत. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत षटकोनी भोकांची तारेची जाळी मागितली तेव्हा दुकानदारानं विचारलं, “कोंबड्या आत ठेवायच्या का बाहेर?” म्हटलं, जमिनीवर अंथरायची. त्यानं मापं घेतली, पण माझ्याकडे बघणं काही थांबवलं नाही. कडा खाली मुडपून मातीत दाबल्या, म्हणजे पायाला तार लागत नाही. रोप भोकातून वर येतं, नखाला माती सापडत नाही, आणि तारेवर चालणंही त्यांना नकोसं वाटतं. पंधरा दिवसांत त्यांनी त्या वाफ्याचा नाद सोडला.

पण नुसतं अडवून भागलं नसतं. “तिला तिची जागा दे की,” हे तुम्ही बोललात म्हणून पुढचं जमलं. कडेला पत्र्याखाली, जिथं पावसाळ्यातही कोरडं राहतं, तिथं कोरडी माती, वाळू आणि तुमच्या चुलीची चाळलेली राख. पहिल्याच दिवशी काबरी त्यात आडवी पडून पाय झाडायला लागली आणि मी घाबरून तुम्हाला फोन केला, की कोंबडीला झटका आला. “आंघोळ करती ती,” असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात. अंगावरच्या उवा-गोचिडांचा बंदोबस्त त्या असा धुळीत लोळून करतात, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी हीच आंघोळ शेवंतीच्या मुळाशी चालायची.

वेळेचंही तसंच. सकाळी सोडायचो, ते बंद केलं. आता सूर्य मावळायच्या दीड तास आधी. जूनमध्ये पावणेसहाला, डिसेंबरात साडेचारला. तेवढ्या वेळात नासधूस करून करणार किती, आणि अंधारलं की आपापल्या पायांनी खुराड्यात परत. हाकलायलाही लागत नाही.

ढवळी मात्र कुंपण ओलांडायचीच. तुम्ही स्वतः येऊन तिच्या एकाच पंखाची लांब पिसं कातरलीत, आपली नखं कापावीत तशी. एकाच बाजूची का, तर तोल जातो आणि उडता येत नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा कातरावी लागतील, तेव्हा मी धरेन, कात्री तुम्हीच चालवा.

आणि चिपाडं! चरकातून निघालेली ती उन्हात खडखडीत वाळवून, मुंग्या गेल्यावरच खुराड्यात पसरायची. विष्ठेची ओल आणि वास दोन्ही कमी. मग तेच सगळं सुक्या पानांबरोबर खड्ड्यात, महिनोन् महिने कुजवायला. ताजी विष्ठा मी कढीपत्त्याला घातली होती, तेव्हा मुळं करपून निम्मं झाड वाळलं होतं. तो शहाणपणा माझा एकट्याचा.

सगळं आलबेल आहे असं नाही. कोथिंबीर अजून कुंडीतच, कठड्यावर. पुदिन्यावर त्यांनी परवा चोच मारून पाहिली. गवती चहाकडे मात्र ढुंकूनही बघत नाहीत. आई आता संध्याकाळी खुर्ची टाकून त्यांना तांदळाच्या कण्या टाकते, आणि हे कुणाला सांगू नकोस म्हणते.

येत्या रविवारी चिपाडांची रिकामी गोणी परत आणतो. सोबत आईनं बाजूला काढून ठेवलेल्या मेथीच्या दोन जुड्या आणि डझनभर अंडी.

तुमचा,
चार कोंबड्यांवाला

ता. क. तांबडी खुडूक बसली आहे, खुराड्यातून हलायला तयार नाही. आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणजे तिच्याखालची अंडी एकवीस दिवस उबवली तरी उपयोग नाही. गावाकडून कोंबड्यातली पाच-सहा अंडी मिळतील का? लेकीनं विचारायला सांगितलंय. आईला अजून कळवलेलं नाही.