ताई, तुम्ही तीनदा ‘थांबा’ म्हणालात

ताई,

आज सकाळी दाराशेजारी सीआयएनची, म्हणजे पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या घराला मिळणाऱ्या सरकारी नोंदणी क्रमांकाची, पाटी लावली. फोटो पाठवलाय, पण मला जे सांगायचंय ते फोटोत मावत नाही म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय कारण इटलीत जुनं घर घेऊन त्याचं गेस्ट हाऊस करावं असं मनात असलेले आपले बरेच लोक हल्ली विचारतात की तुम्ही कसं जमवलंत, आणि माझं उत्तर दरवेळी एकच असतं की आम्हाला वेळेवर थांबवणारं माणूस भेटलं. नाव लिहायचं नाही असं बजावलंयत म्हणून नुसतं ताई.

पहिला फोन आठवतोय का तुम्हाला? ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला, दक्षिण इटलीत बारीला राहणाऱ्या मराठी बाई आहेत, दुभाषाचं काम करतात, एवढंच माहीत. मी तोरिनोहून फोन केला आणि म्हणलं ताई इसाराचा करार आहे चार पानी, भाषांतर करून द्याल का, किती घ्याल. पैशाचं तुम्ही काही बोललाच नाहीत. विचारलंत, सही केलीत? म्हणलं नाही, परवा करणार, एजंट सांगतोय दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. तर तुम्ही म्हणालात थांबा, आधी पानं पाठवा, मी वाचते, तोवर पेनाला हात लावू नका.

आम्ही इतकी वर्षं इटलीत नोकऱ्या करतोय, दुकानात ऑफिसात बोलायचं इटालियन येतं आम्हाला, त्यामुळे वाटत होतं की कागदही कळतात. नव्हते कळत. कापार्रा म्हणजे इसार हे ठाऊक होतं, पण आपण मागे हटलो तर तो बुडतो आणि विकणारा हटला तर त्याने दुप्पट परत द्यायचा असतो हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं, आणि त्या करारात आम्हाला मागे हटता येईल अशी एकही अट नव्हती.

वाचणाऱ्यांसाठी थोडं घराबद्दल. त्याच दक्षिणेकडच्या पुल्या प्रांतात वाल्ले दितरिया म्हणून भाग आहे, लोकोरोतोन्दो, चिस्तेर्निनो, मार्तिना फ्रांका ही गावं आणि मधे नुसते द्राक्षाचे मळे, ऑलिव्हची झाडं आणि दगडी बांध. तिथली जुनी शेतघरं म्हणजे त्रुल्ली. चुनखडीच्या दगडाच्या एक मीटरहून जाड भिंती, वर शंकूसारखं छप्पर, आणि छपराच्या दगडात चुना माती काही नाही, दगडावर दगड. आल्बेरोबेल्लोची त्रुल्ली १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, पण आमचं घर तसं नावाजलेलं वगैरे नाही, गावाबाहेरचं, दोन शंकू, पुढे एक चौकोनी स्वयंपाकघर आणि भोवती अर्धा हेक्टर ऑलिव्ह. बघता क्षणी आवडलं होतं आम्हाला, आणि आवडलं की माणूस प्रश्न विचारायचं बंद करतो, तसंच झालं.

तुम्ही पहिला प्रश्न त्या चौकोनी स्वयंपाकघराबद्दल विचारलात. एजंटचं म्हणणं कातास्तोच्या नकाशात आहे ना, मग झालं. तुम्ही आम्हाला फोनवर शाळेतल्या बाईंसारखं समजावलंत की कातास्तो हे कर बसवण्यासाठी ठेवलेलं दफ्तर आहे, त्यातला नकाशा प्रत्यक्ष घराशी जुळलाच पाहिजे आणि २०१० पासून खरेदीखतात तसं लिहून द्यावं लागतं नाहीतर खत रद्दबातल, ते खरंच आहे, पण बांधकामाला परवानगी होती का याचं उत्तर कातास्तोत मिळत नाही, ते कोमुनेत म्हणजे नगरपालिकेच्या फायलीत मिळतं. विकणारा म्हणाला सगळं सदुसष्टच्या आधीचं आहे. म्हणजे १ सप्टेंबर १९६७ च्या आधी गावाबाहेर बांधलेल्या घरांना साधारणपणे परवान्याचा कागद मागत नाहीत, त्यामुळे ज्याला त्याला आपलं घर त्याच्या आधीचंच असतं. तुम्ही जेओमेत्रा शोधून दिलात, म्हणजे मोजणी, नकाशे, परवानग्या बघणारा माणूस, आणि तोही विकणाऱ्याच्या ओळखीतला नको असं निक्षून सांगितलंत. त्याने विमानातून काढलेले जुने फोटो मागवले. फोटोत दोन शंकू स्पष्ट, आणि स्वयंपाकघराच्या जागी मोकळं अंगण.

ती खोली पाडूनच विक्री होईल आणि पाडायचा खर्च विकणाऱ्याचा, असं नव्या करारात आलं. पाडलेल्या त्या जागेत आता लांब टेबल टाकलंय, सकाळी तिथे ऊन येतं, पाहुणे तिथेच नाश्ता करतात. परवानगी नसलेली ती खोली तशीच आमच्या नावावर आली असती तर आज ही पाटी लागली नसती ताई.

दुसरं थांबा मला जास्त लक्षात आहे, कारण ते कायद्याचं असून माणसापर्यंत पोचलं. नवा करार झाला, अटी झाल्या, आता नोतायोची, म्हणजे खरेदीखत करून देणाऱ्या नोटरीची, तारीख घेऊ म्हणलं तर तुम्ही म्हणालात थांबा, शेजारी कोण आहे. मला वाटलं स्वभाव कसा आहे असं विचारताय. तर तुम्ही म्हणालात शेती स्वतः कसतो का, जमीन त्याच्या नावावर आहे का, बांधाला बांध लागून आहे का. तीनही हो. मग तुम्ही प्रेलाझिओने समजावलंत, म्हणजे अग्रहक्क. १९६५ आणि १९७१ चे कायदे आहेत, लागून शेत असलेल्या आणि ते स्वतः कसणाऱ्या मालकाला शेजारची शेतजमीन त्याच किमतीला आधी घ्यायचा हक्क असतो, त्याला करार जोडून रजिस्टर्ड पत्राने कळवायचं आणि तीस दिवस वाट बघायची. कळवलंच नाही तर खरेदीची नोंद झाल्यापासून वर्षभरात तो येऊन खतातली किंमत देऊन ती जमीन सोडवून घेऊ शकतो. त्या वर्षभरात आपण तिथे घाम आणि पैसा दोन्ही ओतलेलं असतं. एजंट म्हणाला होता, औपचारिकता आहे, म्हातारा काही घेत नाही.

पत्र विकणाऱ्याने पाठवायचं होतं, पाठवलंही, तेवढं पुरे होतं. पण तुम्ही म्हणालात ज्याच्या बांधाला आयुष्यभर लागून राहायचंय त्याला सरकारी पाकिटातून पहिल्यांदा भेटू नका, आणि ऑगस्टच्या उन्हात बारीहून आलात, आमच्याबरोबर त्यांच्या अंगणात बसलात. मला ते दृश्य अजून दिसतं. त्या शेजारच्या आजोबांनी किमतीबद्दल काही विचारलं नाही, आम्ही कुठले तेही नाही, झाडांची छाटणी कोण करणार एवढं विचारलं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आम्ही शिकू वगैरे, आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून त्यांना सांगितलंत की यांना येत नाही, तुम्ही शिकवाल का. आजोबा बराच वेळ गप्प होते. एकोणतिसाव्या दिवशी त्यांचा तुम्हाला फोन आला की मी जमीन घेत नाही, पण फेब्रुवारीत त्यांना पाठव, कात्री घेऊन.

दर फेब्रुवारीत जातो. २०१३ मध्ये खाली दक्षिणेला सालेन्तोत झायलेला, म्हणजे ऑलिव्हची झाडं वाळवणारा जिवाणू, सापडल्यापासून इथले लोक झाडाकडे डॉक्टरसारखे बघतात, आजोबा पानांची टोकं करपलीत का बघत बघत ओळीतून फिरतात आणि आम्ही मागून. बांध पडला होता तोही त्यांनीच आमच्याकडून लावून घेतला, मोठे दगड खाली, चेहरा बाहेर, मधे खडी, कुठेही सिमेंट नाही. या कोरड्या दगडी बांधकामाची कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, इटलीसकट आठ देशांची मिळून, हे मी आजोबांना सांगितलं तर म्हणाले बांध सरळ आहे का ते बघ.

आणि आता तिसरं, जे लिहायला मला जड जातंय.

ठेकेदाराचं अकरा पानी कोटेशन आलं होतं. आतून सिमेंटचं प्लास्टर, शंकूवर डांबरी गुआइना म्हणजे आपण गच्चीवर टाकतो तसला वॉटरप्रूफ कागद, वर परत दगड, पाच महिन्यांत किल्ली हातात. आम्ही खुश. सीझन मिळणार होता, कर्जाचा हप्ता सुरू झाला होता. तुम्ही ती अकराही पानं ओळ न् ओळ वाचलीत आणि म्हणालात मला बांधकामातलं कळत नाही, पण ज्या छपरावर इतकी वर्षं गुआइना नव्हती त्यावर आता का लागते हे मला कोणीतरी समजावून सांगू दे, तोवर थांबा. आणि तुम्ही एक म्हातारे गवंडी शोधलेत, त्रुल्लीचं काम केलेले, जे इतकं गावठी बोलायचे की तुम्हालाही निम्मं कळायचं नाही, मग आजोबा त्यांचं इटालियन करणार आणि तुम्ही त्याचं मराठी.

त्यांनी आधीच्या मालकाने केलेलं सिमेंटचं प्लास्टर दाखवलं, छातीपर्यंत होतं. त्याच्या वर भिंतीवर पांढरी खाराची रेघ. जमिनीतली ओल भिंतीत चढते, चुन्याचं प्लास्टर असेल तर ती वाटेतच बाहेर निघून वाळते, सिमेंट तिला अडवतं म्हणून ती आणखी वर चढते आणि जाताना खार दगडात सोडते, त्याने दगड भुसभुशीत होतो. म्हणाले हे सगळं काढा, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा, मग चुना लावू, आणि गुआइनाचं नाव काढू नका. म्हणजे एक वर्ष.

मी तुमच्यावर चिडले ताई. तोंडावर बोलले नाही पण घरी खूप बोलले, की यांचं काय जातंय थांबा म्हणायला, हप्ता आम्ही भरतोय, हौस म्हणून मदत करणाऱ्या माणसाला काळजी नसते. तीन आठवडे तुम्हाला फोन केला नाही. तुम्हाला कळलं असणारच. तुम्ही त्या तीन आठवड्यांत गवंड्यांना दोनदा फोन करून आमची तारीख धरून ठेवली होतीत, हे मला खूप नंतर आजोबांकडून कळलं, तुमच्याकडून नाही. त्या बोलण्याची माफी मी आजवर मागितली नव्हती, ती आज इथे सगळ्यांसमोर मागते.

सिमेंट हिवाळ्यात खरवडून काढलं. उन्हाळाभर दारं खिडक्या उघड्या टाकल्या, जूनमध्ये भिंतीला हात लावला की थंडगार ओल लागायची, ऑगस्टअखेर हाताला धूळ लागायला लागली. शंकूवरच्या चपट्या फरश्या, कियांकारेल्ले म्हणतात त्यांना, गवंड्यांनी गळत होतं त्या बाजूच्या एकेक काढून ओळीने मांडून ठेवल्या आणि परत लावताना प्रत्येकीला बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिला. छपराची सगळी युक्ती तेवढ्यात आहे. आतल्या थरावर शंकूचं वजन तोललेलं असतं, बाहेरचा थर नुसता पाणी उतरवतो. दोन हिवाळे झाले, थेंब गळला नाही. आत चुन्याचं प्लास्टर, वर चुन्याची निवळ, आणि पाहुणी येते ती भिंतीला हात लावतेच, का कोण जाणे.

बाकीचं तुम्ही केलेलं इतकं आहे की नुसती नावं घेते. नोतायोसमोर दोन तास माझ्या शेजारी बसून प्रत्येक वाक्य माझ्याकडून हो म्हणवून घेतलंत. सांडपाण्याच्या टाकीची परवानगी. गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म, आग विझवायचा सिलिंडर, हे भाड्याने द्यायच्या घरात लागतंच. पाहुणे आले की चोवीस तासांत पोलिसांच्या पोर्टलवर नावं भरायची, ते पहिल्यांदा रात्री अकरा वाजता तुम्ही फोनवर भरून घेतलंत. १ जानेवारी २०२५ पासून सीआयएनशिवाय जाहिरातही करता येत नाही, त्याचा फॉर्म तीनदा परत आला, आणि तिन्ही वेळा मी रडकुंडीला आलेली आणि तुम्ही शांत.

मी पैशाचा विषय काढला की तुम्ही एकच म्हणता, कागदांच्या झेरॉक्स नीट ठेव, पुढचं कोणी विचारायला आलं तर दे. फाइल केलीय. फोटोंपासून तीस दिवसांच्या पत्राच्या पावतीपर्यंत सगळं आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं, नावं आकडे झाकून दाखवीन.

उत्तरेकडची खोली तुमची. ऑक्टोबर संपेपर्यंत कोणाला देणार नाहीये, उगाच नाही म्हणू नका.

आणि गेल्या फोनवर तुम्ही अंगणाखालच्या पाण्याच्या टाकीचं विचारलं होतंत, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. या भागात नदी नाही, चुनखडीतून पाणी सरळ खाली जातं, १९१५ मध्ये बारीला नळाचं पाणी आलं तेही डोंगरापलीकडून, कांपानियातल्या झऱ्याचं, म्हणून इथल्या बहुतेक त्रुल्लींच्या खाली किंवा अंगणाखाली छपराचं पाणी साठवायची टाकी असते. आमची तुम्ही सांगितल्याप्रमाणे उपसून, घासून घेतली. पहिल्या दोन पावसांचं पाणी गवंड्यांनी बाहेरच सोडायला लावलं, छप्पर धुऊन निघू दे म्हणाले. तिसऱ्याला पन्हाळ जोडली. काल रात्रभर पडला, सकाळी दोरीला दगड बांधून सोडला तर दोरी साडेतीन हात ओली झाली.